फारशी चर्चा नसलेले भारतातले भारी गोल्फ कोर्स: शोधायचे कसे, बुक कसे करायचे, खेळायचे कसे

गोल्फची ट्रिप काढायची म्हटली की ग्रुपवर तीच चार-पाच नावं येतात, दिल्ली गोल्फ क्लब, गुरगावचा डीएलएफ, बंगळुरूचा केजीए (कर्नाटक गोल्फ असोसिएशन), कलकत्त्याचा रॉयल, आणि मग कोणीतरी म्हणतं की यापेक्षा थायलंडला जाऊ, विषय संपला. हे कोर्स चांगले आहेतच, त्यात वादच नाही. रॉयल कलकत्ता तर 1829 चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना क्लब. पण आपल्या देशात डोंगरात, चहाच्या मळ्यांत, सरकारी खात्यांच्या ताब्यात असे कितीतरी कोर्स पडून आहेत की जिथे मेंबरशिप लागत नाही किंवा एका फोनवर काम होतं, जमीन अफलातून आहे, आणि तरी वीकडेला सकाळी पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात) तुम्ही आणि तुमचा कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) एवढेच उभे असता. मला मनापासून वाटतं की आपण मराठी गोल्फर लोकांनी हे कोर्स खेळायला हवेत, म्हणून कसं ठरवायचं, कुणाला विचारायचं आणि तिथे गेल्यावर काय वेगळं करावं लागतं ते सगळं एका जागी लिहितोय.

आधी कोर्स पारखायचा कसा

लांबी बघू नका. डिझायनरचं नाव बघू नका. 7,000 यार्डांचा कोर्स चांगला आणि 5,000 यार्डांचा फालतू असं काही नसतं, उलट आपल्यासारख्या 18-20 हँडिकॅपवाल्याला (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, साधारण तेवढे जास्त लागणाऱ्याला) लांबलचक कोर्सवर दर होलला ड्रायव्हर, थ्री वूड, वेज याच काठ्या मारत बसावं लागतं, दुसरं काही सुचतच नाही. मी आधी तीन गोष्टी विचारतो. जमीन नैसर्गिक चढउताराची आहे का की जेसीबीने उकरून टेकाडं बनवली आहेत. ग्रीन (होलभोवतीचा बारीक गवताचा भाग) लहान आणि उतरत्या आहेत का, कारण लहान ग्रीन असली की 300 यार्डांचा पार फोरसुद्धा (चार फटक्यांत संपवायचा होल) सोपा राहत नाही. आणि तिसरं, 18 होल चालत पूर्ण करता येतात का, की एका ग्रीनवरून पुढच्या टीवर जायला कार्टच लागते. पहिल्या दोन्हीला होय आणि तिसऱ्यालाही होय आलं तर तो कोर्स नऊ होलचा असला तरी जायचं.

नऊ होलवर नाक मुरडू नका हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे बरेच जुने कोर्स नऊ ग्रीनचेच आहेत, पण टी दोन-दोन ठेवलेल्या असतात, म्हणजे दुसऱ्या फेरीत तोच होल वेगळ्या कोनातून, वेगळ्या लांबीचा येतो. 2020 पासून जे वर्ल्ड हँडिकॅप सिस्टम आलंय त्यात नऊ होलचा स्कोअरही धरतात, तेव्हा हँडिकॅपसाठी उपयोग नाही हे कारणही आता उरलेलं नाही.

नालदेहरा

शिमल्यापासून साधारण 22 किलोमीटर, उंची 2,200 मीटरच्या आसपास, देवदारांच्या जंगलात. लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली की त्याने इथे कोर्स करवून घेतला आणि 1904 मध्ये जन्मलेल्या मुलीच्या नावातही ती घातली, अलेक्झांड्रा नालदेरा. आज तो हिमाचल पर्यटन महामंडळाकडे आहे, त्यामुळे पाहुणा म्हणून ग्रीन फी (एका राउंडची फी) भरून खेळता येतं. 18 होलचा राउंड, पार 68. कोर्सच्या मधोमध महुनागाचं देऊळ आहे, तिथल्या लोकांचा देव आहे, आजूबाजूला भाविक असतील तर थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं, मग मारायचं.

इथे खरा खेळ म्हणजे क्लब, म्हणजे मारायची काठी, निवडणं. टीवर उभं राहिलं की ग्रीन कधी पायाखाली खोल दिसते कधी डोक्यावर, आणि हवा विरळ असल्यामुळे बॉल जास्त जातो. सोपा हिशोब असा की दर हजार फुटांना साधारण एक-सव्वा टक्का अंतर वाढतं, म्हणजे नालदेहऱ्याला 8 टक्क्यांच्या आसपास, तुमचा सेव्हन आयर्न पुण्यात 140 यार्ड जात असेल तर इथे 150 धरा. त्यात ग्रीन खाली असेल तर आणखी एक क्लब कमी. आणि पट करताना (ग्रीनवर बॉल होलकडे हलकेच मारताना) डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. सगळा डोंगरच एका बाजूला कललेला असल्यामुळे जिथे तुम्हाला सपाट वाटतं तिथे प्रत्यक्षात उतार असतो, बॉल डोंगराकडून दरीकडे ओढला जातो. मला एकदा सहा फुटांचा पट अगदी सरळ दिसत होता, मी लाइन घेऊन उभा राहिलो तर कॅडीने काही न बोलता फ्लॅगची काठी होलच्या डावीकडे चांगली वीतभर लांब टेकवली, मी तिथे मारला आणि बॉल हळूहळू वळत वळत शेवटच्या क्षणी उजव्या कडेने आत गेला. तिथून पुढे प्रत्येक ग्रीनवर आधी दरी कुठे आहे ते बघायचं आणि मगच होलकडे बघायचं अशी सवय लागली, ती सवय तुम्हीही लावून घ्या, सगळ्या डोंगरी कोर्सवर कामाला येते.

शिलाँग

माझ्या मते भारतातला सगळ्यात उपेक्षित मोठा कोर्स हाच. 1898 ला नऊ होलने सुरुवात झाली आणि 1924 ला तो 18 होलचा झाला. उंची साधारण 5,200 फूट, पाइनची झाडं, मधे मधे रोडोडेंड्रॉन, आणि जमीन अशी लाटांसारखी वरखाली होत जाते की फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) मधोमध बॉल पडला तरी सपाट लाय (बॉल टेकतो ती जागा) मिळेलच याची खात्री नाही. सहावा होल जवळपास 600 यार्डांचा आहे आणि त्याच्या ग्रीनवर तीन चांगल्या फटक्यांशिवाय पोचता येत नाही, उंचीचा फायदा धरूनसुद्धा. कृत्रिम काही नाही. पाणी आहे ते ओढ्याचं, आणि बंकरपेक्षा (वाळूच्या खड्ड्यांपेक्षा) जमिनीचा चढउतारच जास्त त्रास देतो.

कसं जायचं तर गुवाहाटीपर्यंत विमान, तिथून सुमारे 100 किलोमीटर रस्ता, तीन तास धरा, ट्रॅफिक लागला तर चार. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान, मार्च-एप्रिलही चालतो, जून ते सप्टेंबर टाळा कारण चेरापुंजी त्याच डोंगरांत आहे हे विसरू नका. बुकिंगला क्लबच्या सेक्रेटरीच्या ऑफिसात फोन करून सरळ विचारायचं की बाहेरच्या माणसाला कोणत्या दिवशी खेळता येतं, स्पर्धा कधी आहेत, कॅडी मिळेल का. एक महत्त्वाची गोष्ट, हा कोर्स शहरात आहे, रस्ते बाजूने आणि मधूनही जातात, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी लोक फिरायला, मुलं खेळायला येतात. म्हणून सकाळी लवकरचा टी टाइम घ्यायचा, समोर माणसं असतील तर मारायचं नाही, आणि बॉल वाकडा गेला की लाजायचं नाही, जोरात 'फोर' (सांभाळा, बॉल येतोय) ओरडायचं. ती जागा आधी त्यांची आहे.

ईशान्येला गेलातच तर जोरहाटजवळ सांगसुआ चहाच्या मळ्यातला काझीरंगा गोल्फ रिसॉर्टही जोडून घ्या, 18 होल, दोन्हीकडे चहा, राहायला जुना बंगला. अजून वेळ असेल तर दिग्बोई, तेलाच्या कंपनीने वसवलेलं गाव आणि जंगलाच्या कडेचा कोर्स.

काश्मीरचे दोन

श्रीनगरचा रॉयल स्प्रिंग्स हा अंडररेटेड म्हणायला जरा संकोच वाटतो कारण डिझाइन रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांचं आहे, पण विचारा आपल्या किती जणांनी खेळलाय. झबरवानच्या उतारावर, खाली दल लेक, आणि तो जम्मू-काश्मीर पर्यटन खात्याचा आहे, म्हणजे तुम्ही-आम्ही फी भरून खेळू शकतो. एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर ट्यूलिप गार्डन तिथून जवळच आहे, घरच्यांना तिकडे सोडून तुम्ही राउंड काढू शकता, असा दोघांचा फायदा.

दुसरा गुलमर्ग, 2,650 मीटर, हिरव्या गवताच्या सगळ्यात उंच कोर्सपैकी एक. इथे बॉल 10 टक्के जास्त जातो आणि माणूस लवकर दमतो, म्हणून पहिल्या दिवशी पोचलं की खेळू नका, एक रात्र झोपा, पाणी प्या, दुसऱ्या दिवशी खेळा. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली जातं आणि तिथे स्की चालतं, तेव्हा मे ते ऑक्टोबर हाच काळ. दोन्ही ठिकाणी निघण्याआधी तिथली परिस्थिती आणि कोर्स चालू आहे की नाही हे फोनवर विचारून घ्या, तिकीट नंतर काढा.

दक्षिणेत

कोडाईकनाल गोल्फ क्लब 1895 चा, उटीचा जिमखाना क्लबचा कोर्स त्याच सुमाराचा. पुण्या-मुंबईचे लोक कोडाईला जातात, लेकला चक्कर मारतात, चॉकलेट घेतात आणि परत येतात, कोर्सकडे कोणी फिरकत नाही. तिथे फेअरवेवर गवे येतात, खरोखरचे, टनभर वजनाचे. त्यांच्या जवळ जायचं नाही, फोटोसाठी तर अजिबातच नाही, ते हलेपर्यंत थांबायचं आणि मागच्या ग्रुपला हात करून सांगायचं.

या निमित्ताने नियमांचं थोडं सांगतो, कारण अशा कोर्सवर रोज लागणारे नियम आपल्या क्लबात वर्षातून एकदाही लागत नाहीत. गव्याचं किंवा गाईचं शेण बॉलजवळ असेल तर ते लूज इम्पेडिमेंट, म्हणजे बॉल न हलवता बाजूला सारता येतं, दंड नाही. खुराचा खड्डा ग्रीनवर असेल तर तो दुरुस्त करता येतो, 2019 च्या नियमांपासून ही मुभा आहे, पण फेअरवेवर किंवा बंकरमध्ये खुराच्या खड्ड्यात बॉल पडला तर आपोआप फुकटचा रिलीफ (दंड न लागता बॉल दुसरीकडे घ्यायची सूट) नाही, जसा आहे तसा खेळायचा, कमिटीने तो भाग ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्तीखालची जमीन) म्हणून जाहीर केला असेल तरच सुटका. माकडाने बॉल उचलला हे नक्की दिसलं असेल तर दंड नाही, बॉल होता त्या जागी ठेवायचा, आणि माकड तो घेऊन झाडावर गेलं असेल तर दुसरा बॉल ठेवायचा. पण "माकडानेच नेला असेल" असं नुसतं म्हणून चालत नाही, ते माहीत असायला हवं किंवा जवळजवळ नक्की असायला हवं, नाहीतर तो हरवलेला बॉल. शोधायला तीन मिनिटं मिळतात, जंगलाच्या कोर्सवर ती बघता बघता संपतात, म्हणून बॉल झाडीत गेला असं वाटलं की लगेच तोंडाने 'प्रोव्हिजनल' म्हणून दुसरा मारून ठेवा.

आपल्या जवळचं

प्रवासाला वेळ नसेल तर खारघर. सिडकोने केलेला कोर्स, खारघरच्या डोंगरांच्या कुशीत, सुरू झाला तेव्हा 11 होलचा होता, आणि मुख्य म्हणजे पब्लिक आहे. मुंबईत विलिंग्डन, यूएस क्लब, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी हे सगळे मेंबरांचे, कोणीतरी ओळखीचं असल्याशिवाय आत जाता येत नाही, अशा शहराच्या शेजारी कुणालाही फी भरून खेळता येईल असा कोर्स आहे ही फार मोठी गोष्ट आहे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांनासुद्धा ती माहिती नसते. बुक करताना सध्या किती होल चालू आहेत, कुठे काम चालू आहे आणि रेंज (सरावाची जागा) उघडी आहे का एवढं विचारून घ्या. नवीन शिकणाऱ्याने पहिला खरा राउंड इथेच खेळावा असं माझं स्पष्ट मत आहे, वीकडेला, सकाळी, चार मित्र मिळून.

पावसाळ्यात खारघरला मजा वेगळीच, डोंगरावरून पाणी उतरत असतं आणि सगळीकडे हिरवंगार, पण खेळ बदलतो. बॉल पडला की रुततो, घरंगळत नाही, म्हणजे 200 यार्डांचा ड्राइव्ह 200 च, त्यामुळे एक क्लब जास्त घ्या. स्वतःच्याच पिचमार्कमध्ये (पडून झालेल्या खड्ड्यात) बॉल रुतला तर जनरल एरियात (टी, ग्रीन, बंकर आणि दंडाचे भाग सोडून बाकी कोर्सवर) फुकट रिलीफ मिळतो, बॉलच्या लगेच मागची जागा धरून एक क्लबलेंथच्या (एका काठीच्या लांबीच्या) आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप. साचलेल्या पाण्यातूनही रिलीफ आहे, पण पाणी डोळ्यांना दिसायला हवं, नुसती मऊ चिखल झालेली जमीन चालत नाही. वीज कडाडली की मात्र खेळ बंद, झाडाखाली नाही, आत जायचं.

नाशिकमध्ये 'गोल्फ क्लब ग्राउंड' म्हटलं की आज लोकांना क्रिकेटचं अनंत कान्हेरे मैदान आठवतं, नावात गोल्फ आहे आणि मैदानात नाही. कोर्स खेळले गेले नाहीत की काय होतं ते त्यात आलंच. उदयन मानेसारखा पुण्याचा खेळाडू टोकियो ऑलिंपिकपर्यंत जातो, तेव्हा पोरांना खेळायला परवडणाऱ्या जागा टिकायला हव्यात की नाही.

दिल्लीला कामानिमित्त जात असाल तर कुतुब गोल्फ कोर्स, लाडोसरायला, डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा), देशातला पहिला पब्लिक कोर्स, खेळता खेळता कुतुबमिनार दिसतो. आणि जमशेदपूर. तिथे बेल्डी आणि गोलमुरी असे दोन कोर्स, पीजीटीआयची (भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरची) मोठी स्पर्धासुद्धा नऊ होल एकीकडे आणि नऊ होल दुसरीकडे अशी होते, मधे गाडीने जायचं. असा प्रकार मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही आणि गोल्फवाल्याने आयुष्यात एकदा तरी करून बघावा.

बुकिंगचं खरं काम

वेबसाइटवर जाऊ नका, म्हणजे जा पण तिथल्या रेटवर विसंबू नका, बऱ्याचदा ते जुने असतात. फोन करा. विचारायचं ते असं: वीकडे आणि वीकएंडची ग्रीन फी वेगळी आहे का, भारतीय पाहुण्याचा रेट काय, कॅडीचे पैसे त्यात धरले आहेत की वेगळे, जीएसटी धरून किती, भाड्याने सेट मिळतो का, आणि हँडिकॅप सर्टिफिकेट लागतं का. सर्टिफिकेट लागत असेल तर आपल्या क्लबातून प्रिंट काढून घ्या, फोनमधलं दाखवून प्रत्येक वेळी भागत नाही. तुम्ही कुठल्याही जिमखान्याचे मेंबर असाल तर सेक्रेटरीला विचारा की कुठल्या क्लबांशी अॅफिलिएशन आहे, ओळखीचं पत्र मिळालं की डोंगरातल्या जुन्या क्लबांत राहायची खोलीही मिळते, हॉटेलच्या निम्म्या खर्चात. हे पत्र मागणारे फार कमी लोक असतात, नियमात असूनही.

आर्मीचे कोर्स हा वेगळा विषय. राणीखेतचा कोर्स, जिथून स्वच्छ हवेत त्रिशूल, नंदादेवी दिसतात, तो आर्मीकडे आहे. अशा ठिकाणी नियम बदलत राहतात, म्हणून आधी परवानगी, ओळखपत्र जवळ, आणि फोटो काढायच्या आधी विचारायचं. 'नाही' म्हणाले तर वाद घालायचा नाही.

सामान कमी न्या. नियमाने 14 क्लब चालतात पण डोंगरी कोर्सला आठ-नऊ पुरेत, ड्रायव्हर, एक हायब्रिड, तीन-चार आयर्न, दोन वेज, पटर. विमानाचं वजनही वाचतं आणि चढावर कॅडीची पाठही. डावखुरे असाल तर मात्र स्वतःचा सेट नेल्याशिवाय पर्याय नाही, भाड्याने मिळणारे बहुतेक उजव्यांचेच असतात. बॉल डझनभर जास्त घ्या, महागडे नकोत. सॉफ्ट स्पाइकचे बूट, विंडचीटर, आणि पावसाळी मोजे दोन जोड.

काही जुन्या छावणीच्या कोर्सवर अजून 'ब्राउन' मिळतात, म्हणजे गवताऐवजी तेल मिसळलेल्या वाळूची ग्रीन. घाबरू नका. तिथे पट करायच्या आधी लाकडी ओढणीने वाळू एकसारखी करून घेतात, कॅडी करतो, बॉल सरळ जातो, वळत फार कमी, फक्त थोडा जोरात मारावा लागतो. चिप (जवळून मारायचा छोटा फटका) मारताना बॉल ग्रीनच्या आधी टाकून घरंगळत आणायचा, वर टाकलात तर तो मऊ वाळूत थबकतो.

कॅडीबद्दल शेवटचं. या कोर्सवर कॅडी हाच नकाशा असतो, यार्डेजची पाटी नसली तरी त्याला प्रत्येक झाडापासूनचं अंतर पाठ असतं. पहिल्याच टीवर त्याला तुमचा सेव्हन आयर्न किती जातो ते खरं सांगा, वाढवून सांगू नका, मग तो क्लब बरोबर देतो. नाव विचारा, मधे चहा-नाश्ता घेताना त्यालाही विचारा, ठरलेले पैसे आणि वरचं बक्षीस रोख द्या, त्याच्या हातात. आणि खेळ आवडला तर परत गेल्यावर आपल्या क्लबच्या कॅप्टनला गाठून पुढच्या वर्षीची एक अवे ट्रिप तिथे लावून घ्या, 16 जणांचा ग्रुप गेला तर ऑफ सीझनला क्लब रेट कमी करून देतात, फक्त दोन-तीन महिने आधी लेखी मेल टाकायचा आणि तारखा दोन पर्यायांत द्यायच्या.